युस्तिनाच्या माळ्यावरचे बूट

१

आमच्या खोऱ्यात लोक माळे साफ करतात ते वर्षातून दोनदा. एकदा बर्फ वितळल्यावर आणि एकदा नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या सणाआधी. त्या दिवसांत आमच्या लहानशा संग्रहालयाचा फोन दमत नाही. कुणाच्या खुराड्याखाली संगीन निघालेली असते. कुणाच्या आजीने जन्मभर ज्यात फुलं ठेवली, ते पितळी भांडं म्हणजे तोफगोळ्याचं टरफल असतं. मी जाते. पिशवीत लोहचुंबक, मऊ ब्रश, भिंग, कॅमेरा, हातमोजे. ज्याच्या पोटात अजून दारू असू शकेल त्याला हात लावत नाही. त्या कामाची माणसं वेगळी आहेत. ती येईपर्यंत घरच्यांना अंगणात उभं करते. बाकीचं उजेडात धरून सांगते, हे इटालियन, हे ऑस्ट्रियाचं, आणि हे युद्धाचं नाहीच, तुमच्या आजोबांचं दुधाचं माप आहे.

शंभर वर्षांपूर्वी कर्न डोंगराच्या उतारावर दोन राजांची सैन्यं दगडात बिळं करून समोरासमोर बसली होती. सैन्यं गेली, लोखंड राहिलं. लोकांनी त्यातलं पत्र्याचं छप्परांना लावलं, तारेची कुंपणं केली, आणि ज्याचं काय करावं कळेना ते माळ्यावर टाकलं.

सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "हे कुणाचं?" मी देश सांगते, साल सांगते. नाव सांगत नाही.

लाझच्या युस्तिनाचा फोन आला तो ऑक्टोबरात. लाझ म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला पाच-सहा घरं, त्यातलं धूर निघणारं एकच.

"माळ्यावर सामान आहे. कुणाचं ते सांगायला ये," ती म्हणाली.

"कसलं सामान, मावशी?"

"तुझ्याच कामाचं. बूट आहेत, टोप आहे. माझे गुडघे वर चढत नाहीत. तुला एकटीलाच जावं लागेल."

"मी नाही घाबरत."

"घाबर असं कोण म्हणतंय? डोकं सांभाळ म्हणतेय. तुळई खाली आलीय."

२

फाटकापाशी तिची लेक नेवा भेटली. नेवा माझ्याच वयाची, शाळेत माझ्या मागच्या वर्गात होती. ती खाली गोरित्से शहरात राहते आणि रविवारी आईकडे येते. या वेळी आईला कायमचं घेऊन जायला आली होती. घर विकलं होतं. घेणारा छप्पर उतरवून नवं घालणार होता.

"वोय्का, एक सांगते," ती हळूच म्हणाली. "आत गेल्यावर मला नावाने हाक मारू नकोस. आईलाही नको. या घरात कुणी कुणाचं नाव घेत नाही."

"मग काय म्हणायचं?"

"अगं, ए, पोरी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं असतं. आम्ही मांजरालासुद्धा नाव ठेवलं नाही."

मी हसले. तीही हसली, पण फाटक उघडताना तिचं बोलणं थांबलं.

युस्तिना चुलीपाशी बसली होती. लहानखुरी, डोक्याला रुमाल, पायात लोकरी मोजे. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि शिडीकडे बोट केलं.

माळा मोठा होता. अक्रोड आणि धुराचा वास. मधोमध धुराड्याचा दगडी खांब आणि दक्षिणेला हातभर खिडकी. तिच्यातून दुपारचं ऊन फळ्यांवर पडलं होतं, आणि त्या उन्हातच सामान मांडलेलं होतं. ढीग नव्हता. वरच्या टोकाला लोखंडी टोप. त्याखाली जाड लोकरीचा लष्करी डगला, बाह्या दोन्ही अंगांना सरळ केलेल्या. डगल्याच्या मधोमध पट्ट्याचं बक्कल. डाव्या कमरेच्या जागी पाण्याची बाटली. आणि खाली, चवडे वर करून, बुटांची जोडी.

म्हातारीने कुणाकडून तरी हौसेने मांडून घेतलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि गुडघ्यांवर बसले.

टोप ऑस्ट्रियन, युद्धाच्या शेवटच्या वर्षांतला. बाटली लाकडी, म्हणजे इटालियन. त्यांच्याकडे अशा लाकडी असत. बक्कलावर दोन डोक्यांचा गरुड. डगल्याला बटणं चार प्रकारची, त्यातलं एक हंगेरियन. बूट डोंगरी पलटणीचे, कडेला दातेरी खिळे ठोकलेले; पण डावा एका मापाचा, उजवा दुसऱ्या. एका माणसाचं असं त्यात काहीच नव्हतं. डोंगरभर विखुरलेलं कुणीतरी गोळा करून, लागेल तसं एकमेकांना जोडलं होतं.

फोटो काढले. शेवटी सवयीने बूट उलटे केले आणि भिंग लावलं.

लोखंड माळ्यावर पडून राहिलं की त्याच्यावर तपकिरी साय धरते. या बुटांचे खिळे टोकांना स्वच्छ चकाकत होते. असे खिळे मी फक्त डोंगरात राहणाऱ्या माणसांच्या पायात पाहिले आहेत. घासून चकाकी आणता येते, पण मग ती सगळीकडे सारखी येते. चालून आलेली चकाकी वेगळी. ती चवड्याला जास्त असते, टाचेला त्याहून कमी, आणि मधे नसते.

मी बूट होते तसे ठेवले. त्या फळ्यांवर धूळ नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

३

खाली युस्तिनाने फ्रिका केला होता, बटाटा आणि चीजचा खरपूस पोळा. नेवा बाहेर गाडीत खोकी भरत होती.

"मग? कुणाचं?" म्हातारीने विचारलं.

"एकाचं नाही, मावशी. पाच-सहा जणांचं असेल. दोन्हीकडच्या सैन्यांचं."

तिने सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं काहीतरी अशुभ सांगितलं.

"म्हणजे त्याला कुणीच नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू शिकलेली आहेस, शोधून काढशील. छप्पर उतरवायच्या आत त्याला कुणीतरी त्याच्या नावाने बोलवायला हवं होतं. आपल्या नावाने बोलावलं असतं तर तो गेला असता. आपल्या घरी."

"कोण, मावशी?"

तिने सुरी पुन्हा उचलली. माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

"तुझा माणूस डोंगरात हरवला ना? शरदात?"

ते आमच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा नवरा वरच्या कुरणावरची आमची झोपडी हिवाळ्यासाठी बंद करायला गेला होता. धुकं उतरलं. बर्फ पडेपर्यंत लोक शोधत होते. त्याची टोपीसुद्धा मिळाली नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्या घराण्याच्या थडग्यावर त्याचं नाव कोरायला मी अजून दिलेलं नाही.

"हो," मी म्हटलं. "रा–"

तिने माझं मनगट धरलं. इतक्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"इथं नको."

आणि त्याच क्षणी डोक्यावर काहीतरी थांबलं. ते चालू होतं हे मला थांबल्यावरच कळलं. जेवताना कुठेतरी फळ्यांचा संथ, सारख्या अंतराने आवाज येत होता आणि मी तो जुन्या घराचा म्हणून सोडून दिला होता. आता कान देऊन ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. म्हातारी आढ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत भीती नव्हती. घरातल्या माणसाला न विचारता पाहुण्याने काही बोलावं, तसं अवघडलेपण होतं.

"लाकूड आहे," मी म्हटलं. "ऊन गेलं की आकसतं."

"हो ना," ती समजुतीने म्हणाली. "आकसतं."

४

सामान संग्रहालयाला द्यायला तिची ना नव्हती. पुढच्या आठवड्यात मी खोकी आणि कागद घेऊन गेले.

माळ्यावर सगळं तसंच होतं. मी बुटांपासून सुरुवात केली. डावा बूट कागदात गुंडाळायला उचलला आणि माझा हात टाचेवर थांबला.

टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली होती. अर्धचंद्रासारखी, तिरकी.

रादको लहानपणी चेरीच्या झाडावरून पडला होता. घोटा वाकडा जुळला, तेव्हापासून तो डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकून चालायचा. वर्षाला एक टाच. चांभाराकडे मीच घेऊन जायची. चांभार म्हणायचा, "वोय्का, नवऱ्याला सरळ चालायला शिकव, नाहीतर माझ्या नातवाचं शिक्षण तुझ्याच पैशावर व्हायचं."

मी खिडकीपाशी गेले आणि कॅमेऱ्यातला गेल्या आठवड्याचा फोटो उघडला. हाच डावा बूट. तिसऱ्या ओळीतला गळालेला खिळा तोच. टाच सपाट होती.

मी बुद्धीला कामाला लावलं. उजेड वेगळा असेल. कोन वेगळा. जगात अशा चालीची हजारो माणसं असतील आणि त्यातली शेकडो या डोंगरावर लढली असतील. हे सगळं खरं होतं. मी बूट उजेडात फिरवत, स्वतःशी वाद घालत उभी होते. आणि माझा अंगठा त्या झिजलेल्या जागेवरून फिरत होता, एखाद्याच्या गालावरून फिरवावा तसा.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. मला कळलं होतं. त्या दिवशी जेवताना अर्धं नाव माझ्या तोंडून गेलं होतं आणि तेवढ्या अर्ध्यावर कुणीतरी अंदाज बांधत होतं. माझ्या मनासारखं व्हायची धडपड करत होतं. हे कळूनसुद्धा मी बूट खोक्यात घातला नाही. होता तिथे ठेवला, चवडा वर करून, आणि दुसऱ्याच्या शेजारी नीट सरळ केला.

खाली येऊन सांगितलं, "खोकी कमी पडली. पुन्हा येते."

५

तिसऱ्यांदा गेले तो युस्तिनाचा लाझमधला शेवटचा दिवस होता. चूल विझलेली होती. उघड्या भिंतींवर फ्रेमांच्या खुणा होत्या. नेवा गाडीची मागची दारं लावत होती. म्हातारी कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन, स्वयंपाकघराच्या मधोमध एका खुर्चीवर बसली होती. दुपारचं ऊन खिडकीतून तिच्या पायांपर्यंत आलेलं.

वर कोणीतरी चालत होतं.

या वेळी माझ्या बुद्धीने लाकडाचं नाव घेतलं नाही. धुराड्यापासून खिडकीपर्यंत, मग थांबणं, मग परत. एक पाऊल पडायचं, दुसरं किंचित घासत यायचं.

"चाल बदललीय," युस्तिना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पाळण्यात होते तेव्हापासून ऐकतेय मी. आई गेली, माणूस गेला, लेक शहरात गेली. वर तो होता. ही त्याची चाल नाही. ही कुणाची आहे, बाई?"

मी शिडीपाशी गेले.

"तुझ्या माणसाची," ती म्हणाली. तिनेच ते माझ्यासाठी बोलून टाकलं. थोडा वेळ ती पर्सच्या कड्याशी चाळा करत राहिली. "माझा माणूस वारला तेव्हा मीही शिडीखाली उभी राहिले होते. नाव अगदी ओठांवर होतं गं. नाही दिलं. माझा माणूस तिकडे मातीत होता, त्याचं त्याच्यापाशी असू दे म्हटलं. आणि वरच्याचंही वाईट वाटलं. दुसऱ्याचं नाव पांघरून किती दिवस राहील बिचारा?"

"मग मी काय करू, मावशी?"

"चल आमच्याबरोबर. गाडीत बस. माळा तसाच राहू दे."

नेवा दारात आली. तिने वर पाहिलं नाही. आईला दंडाला धरून उठवलं आणि मला म्हणाली, "किल्ली कुंडीखाली ठेव." उंबऱ्यावर युस्तिना वळली. मला वाटलं मला काही सांगेल. ती आढ्याकडे पाहून म्हणाली, "येते रे." गाडीचा आवाज उतारावरून खाली गेला.

मी शिडी चढले.

फळ्यांवर सामान नव्हतं. खिडकीतलं ऊन नुसत्याच फळ्यांवर पडलं होतं. धुराड्याच्या खांबामागून डगल्याची एक कड दिसत होती आणि खाली बूट. उभे. चवडे भिंतीकडे, टाचा माझ्याकडे. डाव्या टाचेची झीज इथूनही दिसत होती. नेवाने डगला खिळ्याला अडकवला असेल, असं मी म्हणून पाहिलं. ते मलाच पटलं नाही.

तो तोंड भिंतीकडे करून उभा होता, हजेरीत आपलं नाव कधी येतंय याची वाट पाहणाऱ्यासारखा. केविलवाणं होतं ते. भीती होती, पण मनात पहिल्यांदा आलं ते हे, की किती थंडी वाजत असेल.

"रादको," मी म्हटलं.

खांबाच्या कडेला डगल्याचा खांदा दिसत होता. तो जरासा वर उचलला गेला. मागून ओळखीची हाक आली की माणूस वळायच्या आधी करतो, तसा.

त्याला वळलेलं मी पाहिलं नाही. मी पाठमोरी शिडी उतरले, झडप उघडी ठेवली, आणि अंगणात पोहोचले तेव्हा मागे शिडीची वरची पायरी वाजली. माझ्या गाडीचं मागचं दार मी उघडून धरलं. का, ते विचारू नका. घरी येईपर्यंत आरशात पाहिलं नाही.

६

तो वरच्या खोलीत असतो. मी जिना चढत नाही. त्यालाही तेच बरं वाटतं असं दिसतं. कामावरून आले की मी खालच्या पायरीवरून हाक मारते. मग पावलं जिन्याच्या तोंडापर्यंत येतात आणि तिथे थांबतात. मी सूप गरम करते. दिवसभरात काय काय झालं ते मोठ्याने सांगते. वरून उत्तर येत नाही, पण ऐकणाऱ्याची शांतता वेगळी असते, हे इतकी वर्षं रिकाम्या घरात राहिलेल्या बाईला कळतं.

हाक मारायची राहिली तर मात्र येरझारा सुरू होतात. आधी त्याच्या चालीने. मग हळूहळू ती चाल सुटत जाते आणि भलतीच होते, कधी जड, कधी अनेकांची. मग मी धावत जाऊन नाव घेते.

एकदा गोरित्सेहून युस्तिनाचा फोन आला.

"चौथ्या मजल्यावर आहे मी," ती म्हणाली. "वर कुणी कुटुंब राहतं. पोरं नाचतात. तसली पावलं नाहीत. दिलंस ना तू?"

मी जिन्याकडे पाहिलं.

"बरा आहे?"

"बरा आहे, मावशी."

"माझी आठवण काढतो का?"

"काढतो," मी म्हटलं. तिला ते खोटं आहे हे कळलं आणि तरी तिने आभार मानले.

एवढंच झालं, की रादको हसायचा कसा, ते मला आता आठवत नाही. पूर्वी आठवायचं. त्याचा आवाज, त्याच्या सदऱ्याचा वास, रुसला की काय करायचा, हे सगळं मी नीट जपलेलं होतं. आठवायला गेलं की जिन्यावरची पावलंच ऐकू येतात.

बर्फ वितळल्यावर पोलीस चौकीतून फोन आला. कर्नच्या पूर्वेकडच्या घळीत दरड कोसळली होती आणि खाली कुणीतरी सापडलं होतं. हाडं आणि कपडे. सैनिक नव्हे, अलीकडचा.

अधिकारी तरुण होता, विनयशील. टेबलावर पांढऱ्या कापडावर सगळं मांडलेलं होतं. मला हसू आलं. किती नीट मांडतात लोक.

"घाई नाही, बाई," तो म्हणाला. "तुमच्या नवऱ्याच्या रक्ताच्या नात्यातलं कुणी आहे का?"

"कुणी नाही."

निळं जाकीट होतं. रंग उडालेला, पण चेन शाबूत. चेनची डावी बाजू एकदा उसवली होती आणि घरात निळा दोरा नव्हता म्हणून कुणीतरी ती लाल दोऱ्याने शिवली होती. बारीक उलटी टीप, शेवटी दुहेरी गाठ. आपल्या हाताचं काम आपल्याला भिंगाशिवाय कळतं.

त्या टेबलापाशी मला सगळं एकदम आठवलं. तो मान मागे टाकून हसायचा. रुसला की लाकडं फोडायचा. जाताना म्हणाला होता, परवापर्यंत येतो, सूप ठेव. मी तोंड उघडलं. नाव आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. आणि मला स्वच्छ दिसलं, की ते इथे ठेवलं तर घरी जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला पुन्हा भिंतीकडे वळेल, त्याच्याकडे काहीच उरणार नाही, माझ्याकडेही नाही. हाड कधी पावलं वाजवत नाही. हाक मारली तर येत नाही.

मी हातमोजा काढला, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढली आणि कॉलर नीट केली.

"माझ्या ओळखीचा नाही," मी म्हटलं.

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. "नक्की, बाई?"

"नक्की. कुठे पुरणार याला?"

"गावच्या दफनभूमीत. भिंतीलगतच्या रांगेत. तिथे बाकीचे सैनिकच आहेत, त्यांचीही नावं कुणाला ठाऊक नाहीत."

"थंड आहे ती जागा," मी म्हटलं. "ऊन येत नाही."

त्याने कागद पुढे सरकवला. त्याने दाखवलं तिथे मी सही केली. संध्याकाळ व्हायला आली होती आणि आज सकाळपासून मी हाक मारलेली नव्हती. रस्त्यावर येऊन मी झपझप घराकडे चालू लागले.